पोराचं नाव आर्यन ठेवा, पण आज्याचं नाव लिहून ठेवा



मागच्या महिन्यात वनहक्काच्या दाव्यांची सुनावणी होती. आपल्या भागातल्या सात-आठ पाड्यांचे लोक गेले होते, त्यांत मीपण होतो. किती दावे परत आले, कशापायी आले, त्याचा हिशेब समितीचे साथी पुढच्या अंकात देणार आहेत. मी फक्त एका गोष्टीवर लिहितो. माणसांच्या नावांवर. जो साथी हा अंक पाड्यावर वाचून दाखवेल त्याला सांगणं आहे, बायका बसल्या असतील तेव्हाच हे वाच. यातलं अर्धं त्यांच्याबद्दल आहे, आणि आपल्याला जे पाहिजे ते पुष्कळदा त्यांनाच माहीत असतं.

सुनावणीत झालं ते असं. एका पोराचा दावा होता. संतोष म्हणू. (पोराचं नाव मी मुद्दाम बदललंय. आणखी एक नाव वाढलं म्हणा.) बापाचं नाव शंकर, तो आता नाही. प्लॉट आज्याच्या वेळेपासूनचा. आज्याने जंगल फोडलं, बांध घातला, नागली-वरई काढली, आणि त्यापायी जंगल खात्याने त्याला दंड केला. त्या दंडाची पावती म्हातारीने घराच्या आढ्याला फडक्यात बांधून ठेवली होती. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, पण नाव स्वच्छ वाचता येतं : मंगळ्या सोम्या वारली. संतोषने ती पावती दाव्याला जोडली. नातं दाखवायला बापाचा शाळेचा दाखला जोडला. दाखल्यावर लिहिलंय : शंकर मंगेश, आणि पुढे आडनाव.

साहेबांनी एका हातात पावती घेतली, एका हातात दाखला.

"हा मंगळ्या कोण? तुझ्या आज्याचं नाव तर मंगेश आहे."

"साहेब, तोच तो."

"तोच कशावरून? आणि इथं आडनाव वेगळं, तिथं वारली."

संतोषची आजी बरोबर आली होती. आम्ही म्हटलं, ही त्याची बायको, हिलाच विचारा. कायद्यात म्हाताऱ्या माणसांचा जबाब हा पुरावा धरलेला आहे. साहेबांनी विचारलं, "आजी, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?" म्हातारीने पदर तोंडावर घेतला. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? साठ वर्षांत घेतलं नाही. परत विचारलं तेव्हा म्हणाली, "सोमवारचे पाठी जो वार येतं ना, तो." कारकून हसला. साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तिने तेच सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने, समोरच्याला ऐकू कमी येतं असं समजून. मग कागदावर लिहिलं गेलं : 'साक्षीदारास पतीचे नाव सांगता आले नाही.'

बाहेर आल्यावर म्हातारी आम्हालाच विचारत होती, "मी तं सांगितला ना? त्याला वार नाय कळत, त्याला मी काय करू?"

साथींनो, मला त्या कारकुनाचा राग आला, पण रस्ताभर मी विचार करत होतो तो आपलाच. म्हातारीने सोमवारच्या पाठचा वार म्हटलं आणि मला लगेच मंगळ्या कळला. माझ्या पोरीला कळला असता का? ती दहावीला आहे. तिने मंगळ्या नावाचा माणूस आपल्या वयाचा कधी पाहिलाच नाही.

आपल्याकडे पूर्वी पोर जन्मलं की वार बघायचे. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा सुकऱ्या. पोरगी झाली तर सोमी, मंगळी, बुधी, सुकरी. एका पाड्यात चार बुध्या असायचे. मग त्यातला एक बारका बुध्या, एक काळा बुध्या, एक नदीवरचा बुध्या. वारावरून नाही ठेवलं तर दुसऱ्या कशावरून तरी. नवस बोलून झाला तो नवसू किंवा नवशा. शेंडेफळ असलं तर लहानू, बारक्या. आधीची पोरं दगावली असली तर दगडू, धोंडू, म्हणजे दगडधोंड्याकडे मरणाची नजर जाऊ नये. ही नावं आता कमी झाली याचं मला वाईट वाटत नाही. पोरं जगायला लागली म्हणून ती कमी झाली. (सगळीकडे जगायला लागली असं मात्र कोणी समजू नये. वावर-वांगणीचं १९९२ सालचं अजून कोणी विसरलेलं नाही.)

वाराचं नाव म्हणजे आपली जन्मनोंद होती. लिहिता येत नव्हतं, ग्रामपंचायत नव्हती, दवाखाना नव्हता, पण माणूस कुठल्या वारी जन्मला ते त्याला हाक मारली की कळायचं. त्याच्या जागी आपल्याला काय मिळालं? एक जून. तुमच्यातल्या ज्यांच्याकडे शाळेचा दाखला असेल त्यांनी बघा. अर्ध्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी पोराच्या तोंडाकडे बघून वय ठरवायचे आणि १ जून टाकायचे. माझ्या काकाचं नाव बुध्या, दाखल्यावर १ जून १९५८. माझ्या पोरीने हिशेब करून सांगितलं की त्या दिवशी रविवार होता. काका म्हणतो, "मग कागद खोटा. मी बुधवारचाच." माझंही मत तेच आहे.

आणि हे एकट्या आपलं नाही. आपण ज्यांचा फोटो प्रत्येक मोर्चात पुढे धरतो ते बिरसा मुंडा, त्यांचं नावही वाराचंच. मुंडा लोकांतही वारावरून नाव ठेवायची रीत, आणि गुरुवारी जन्मले म्हणून बिरसा. आता पुस्तकात त्यांची जन्मतारीख १५ नोव्हेंबर १८७५ अशी देतात. कॅलेंडर मागे मोजत गेलं तर त्या दिवशी सोमवार येतो. म्हणजे आपल्या एवढ्या मोठ्या माणसाचंही आपल्या काकासारखंच झालंय. तारीख लिहिणाऱ्यापेक्षा मी त्यांच्या आईवर विश्वास ठेवीन.

मग नावं बदलली कशी?

पहिली गोष्ट 'या'ची. आपल्या घरात मंगळ्या, जेठ्या, जिव्या ही पुरी नावं. त्यात कमीपणा कसला नाही. पण जमीनदार आणि सावकार ओट्यावरून "ए सोम्या" म्हणून हाक मारायचा, तेव्हा त्यातला 'या' वेगळा असायचा. तो म्हाताऱ्या माणसालाही तसाच हाक मारायचा आणि स्वतःला शेठ म्हणवून घ्यायचा. त्याच्या बहीत आपल्या माणसाला बापाचं नाव नाही, कूळ नाही. 'सोम्या वारली' एवढंच, पुढे कर्जाचा आकडा. जंगल खात्याच्या पावतीतही तेच उतरलं. आपल्याला गांगड, म्हसे, कोम, खरपडे अशी कुळं पूर्वीपासून होती, पण लिहिणाऱ्याने विचारलं नाही. त्याच्या दृष्टीने सगळे वारलीच. आज तोच कागद पुढे धरला की विचारतात, आडनाव वेगळं कसं?

त्याच 'या'ची नंतर आपल्या पोरांना लाज वाटायला लागली. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण जरा आठवण करून देतो. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबारात जो पडला, त्याचं नाव जेठ्या गांगड. तो जितेंद्र नव्हता. १९७७ साली डहाणूतून लोकसभेत गेले ते लहानू शिडवा कोम. दिल्लीच्या कागदांत त्यांच्या बापाचं शिडवा हे नाव जसंच्या तसं आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आपल्या लग्नातल्या चौकाची कला त्यांनी जगभर नेली. जिव्या, आणि बापाचं नाव सोमा. त्यांच्या मुलांची नावं सदाशिव आणि बाळू, तेही चित्रं काढतात. एका घरात सोमा, जिव्या, सदाशिव. तीन पिढ्यांत नाव कसं चालत गेलं ते यात दिसतं, आणि घर तेच आहे.

दुसरी गोष्ट गुरुजींची. जिल्हा परिषदेची शाळा आली, आश्रमशाळा आली. नाव घालायला बाप पोराला घेऊन गेला. गुरुजींनी विचारलं, तुझं नाव काय? मंगळ्या. गुरुजींना वाटलं हे काही नाव नव्हे, लाडाचं असेल, नाहीतर अडाणीपणाचं असेल. त्यांनी मंगेश लिहिलं. सोमाचा सोमनाथ झाला. सुकऱ्याचा एका ठिकाणी शुक्राचार्य झालेला मी स्वतः पाहिलाय, तो माणूस आमच्या पलीकडच्या पाड्यावर आहे आणि त्याला आजही ते नाव धड म्हणता येत नाही. गुरुजींचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांना वाटलं पोराचं भलं करतोय. पण त्यांनी पोराचं नाव बदलताना बापाचंही बदललं, आणि बाप समोर उभा असून त्याला ते कळलं नाही, कारण त्याला वाचता येत नव्हतं. संतोषचा आजा असाच मंगेश झाला. तो मरेपर्यंत त्याला कोणी मंगेश म्हणून हाक मारली नाही. कागदात मात्र मंगेश होऊन बसला.

त्यानंतर मग शाळेची गरजही उरली नाही, आपणच ठेवायला लागलो. शंकर, रमेश, सुरेश यांची एक पिढी. मग संतोष, संजय, सुनील, अनिल. मग सचिन आला तो क्रिकेटमधून. राहुल, आकाश, पूजा, काजल, प्रियंका हे पिक्चरमधून. पाड्यावर वीज आली, टीव्ही आला, आता आर्यन, साहिल, श्रावणी, आराध्या. आमच्या पाड्याच्या अंगणवाडीची हजेरी मी बघितली. एकही सोमा नाही, एकही बुधी नाही. आर्यन मात्र तीन आहेत. पूर्वी चार बुध्या होते, आता तीन आर्यन. एक काळा आर्यन, एक बारका आर्यन, एक नदीवरचा. ती रीत तेवढी गेली नाही.

यावर आपल्या शिबिरात वाद झाला होता. काही तरुण साथींचं म्हणणं, ही सगळी बाहेरची नावं आहेत, आदिवासीने आदिवासी नावच ठेवावं, संघटनेने तसा ठराव करावा. बिरसा ठेवा, राघोजी ठेवा. मी त्या ठरावाच्या विरोधात बोललो आणि आजही विरोधात आहे. पोराचं नाव आईबापाने ठेवायचं. सावकाराने ठेवलं ते चुकलं, गुरुजीने ठेवलं ते चुकलं, मग संघटनेने ठेवलं तर ते बरोबर कसं? आणि नुसतं बिरसा म्हटलं म्हणजे रीत परत येते का? आपल्या एका साथीने पोराचं नाव बिरसा ठेवलं. पोरगा मंगळवारचा. त्याच्या आजीला बिरसाचा अर्थ कोणीतरी सांगितला तर ती म्हणाली, "अरे, मग त्याचा वार बदललास कशाला?"

माझ्या घरचंही सांगतो, म्हणजे मी दुसऱ्यालाच शिकवतो असं वाटायला नको. पोरगी झाली तेव्हा मला आजीचं नाव ठेवायचं होतं, बुधी. बायको म्हणाली, तुझी आजी मला माहीत आहे, चांगली बाई होती. पण पोरगी उद्या आश्रमशाळेत जाईल, बाहेरच्या पोरी तिला बुद्धू म्हणून चिडवतील, तेव्हा तू जाशील का तिथं सांगायला? मी गप्प बसलो. वीटभट्टीवर, कॉलेजात, दवाखान्याच्या लायनीत आपल्या नावाला कसं हसतात ते मी पाहिलंय. आई पोरीला त्यातून वाचवू बघत असेल तर ती चूक नाही. पोरीचं नाव श्रावणी आहे.

तेव्हा माझं म्हणणं नवीन नावांविरुद्ध नाही. आपण जुनं नाव टाकून देतो, आणि ते कुणाचं होतं, त्याच्यानंतर कुठलं आलं, याची नोंद कुठंच ठेवत नाही, याविरुद्ध आहे. कारण जमीन जुन्या नावावर आहे. दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या नोंदी, गावच्या नमुना १-ई मधली नावं, हे सगळं मंगळ्या, सोम्या, सुकऱ्या यांचं आहे. दावा करायला मात्र संतोष आणि सचिन जातात. मधला दुवा फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे, आणि म्हातारी माणसं दर पावसाळ्यात कमी होतात.

बायकांचं तर याहून अवघड आहे. कायदा सांगतो, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघाला पाहिजे. कलम ४ मध्ये आहे ते. आपण मोर्चात त्याच्या घोषणा देतो. पण अर्जात बायकोचं नाव काय लिहितो ते बघा. माझ्या माहितीतली एक बाई आहे. माहेरी तिचं नाव चंदरी. सासरी ती धाकटी सून, म्हणून सगळे बारकी म्हणतात. मतदार यादीत चंद्राबाई. रेशन कार्डावर चंद्रकला, ते कोणी केलं देव जाणे. रोजगार हमीच्या जॉबकार्डावर परत बारकी. नवऱ्याने दाव्याच्या अर्जात बारकी लिहिलं, कारण त्याला तेच तोंडात होतं. पट्टा आला, बारकीच्या नावाने. आज नवरा आहे म्हणून कोणी काही म्हणत नाही. उद्या तो नसला आणि दीर म्हणाला, ही बारकी कोण, हिचं नाव तर चंद्रकला आहे, तर तिने काय करायचं? जी लढाई आपण साहेबाशी करतो तीच तिला घरात करावी लागेल, आणि तिच्या बाजूने मोर्चा नसेल.

आपण पुरुष एवढे हुशार की बायकोचं खरं नाव काय ते तिला कधी विचारत नाही. या अंकाच्या वाचनाला जे बसलेत त्यांनी आज घरी जाऊन विचारा. काहींना नवीनच माहिती मिळेल.

त्यात आता आधारची कार्डं आली. त्याची सुरुवातच आपल्या लोकांत झाली. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पंतप्रधान येऊन पहिली कार्डं वाटून गेले. ते चांगलं की वाईट यावर दुसऱ्या कोणी लिहावं. मी एवढंच सांगतो, तिथं नाव टाइप करणारा पोरगा बाहेरचा असतो, घाईत असतो, आणि एकदा छापलं की तेच खरं होऊन बसतं. जायच्या आधी घरातल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून न्या, आणि त्याने टाइप केलेलं पोराकडून वाचून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

आता दाव्यांचं. वनहक्काच्या नियमांत पुरावे दिलेले आहेत, नियम १३. पावती, नोंद हे त्यात आहेच. पण बांध, घर, जुनी विहीर, मसणवटी हेही आहे. जाणत्या माणसांचा जबाब आहे, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नसावा आणि लेखी घेतलेला असावा. आणि पुष्कळांना माहीत नाही ते म्हणजे वंशावळ. जुन्या कागदांत ज्याचं नाव आहे त्याच्यापर्यंत नातं पोचवणारी वंशावळ हा पुरावा आहे असं नियमातच लिहिलंय. म्हणजे आपण साहेबाकडे मेहेरबानी मागत नाही. मंगळ्या तोच मंगेश, हे गावाने सांगायचं आणि साहेबाने ते पुरावा म्हणून बघायचं, असा कायदा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे आहेत. पावती, वंशावळ आणि जबाब हे तीन झाले.

म्हणून वनहक्क समित्यांना माझी सूचना आहे. भात कापून झालं की प्रत्येक पाड्यावर घराघराची वंशावळ लिहायला घ्या. दोनशे पानी वही पुरते. एका घराला दोन पानं. ज्याने जंगल फोडलं त्याच्यापासून सुरू करा. प्रत्येक माणसाचं प्रत्येक नाव लिहा. पाड्यावर काय म्हणायचे, शाळेत काय लिहिलं, यादीत काय आहे, सगळं, मध्ये 'ऊर्फ' घालून. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही. ज्या लेकी लग्न होऊन गेल्या त्यांचीपण लिहा, त्यांना वगळू नका. लिहून झालं की ग्रामसभेत मोठ्याने वाचा, चुका दुरुस्त करा, ठराव करा, सह्या-अंगठे घ्या. वहीच्या दोन प्रती काढा आणि एक गावातच ठेवा, कचेरीत दिलेली वही परत येत नाही.

लिहायला पोरं बसवा, पण सांगायला म्हाताऱ्या बसवा. शुद्धलेखन करू नका. सुकऱ्या सांगितलं तर सुकऱ्याच लिहा, शुक्राचार्य आपल्याकडे एक आहे तेवढा पुरे.

आणि जुन्या कागदाला हात लावू नका. हे मोठ्याने वाचा. एका गावात एजंटाने पैसे घेतले आणि दंडाच्या पावतीवरचं नाव पेनाने 'दुरुस्त' करून दिलं, दाखल्याशी जुळावं म्हणून. चांगली खरी पावती होती, ती खोटी झाली. आता तो माणूस सगळ्या कचेरीत खोटं करणारा म्हणून ओळखला जातो आणि एजंट दुसऱ्या गावात फिरतोय. नाव जुळत नाही हा गुन्हा नाही. खाडाखोड मात्र आपल्याच अंगावर येते. कोणी राजपत्रात नाव बदलून आणायला सांगेल. ज्याला बदलायचं त्याने खुशाल बदलावं, पण त्याने पुढचं नाव बदलतं. मेलेल्या आज्याचं काही होत नाही.

बाईचा जबाब घेताना आणखी एक. ती नाव घेणार नाही हे धरूनच चला. तिच्यावर जबरदस्ती करू नका, ती बरोबर खूण सांगते. वार सांगेल, सण सांगेल, किंवा म्हणेल की अमक्याच्या बापाच्या नावाचा. ती म्हणाली तसंच शब्दाला शब्द लिहून घ्या आणि खाली लिहा की या खुणेने गाव अमका माणूस ओळखतं. सुनावणीत साहेबाने दुसरं काही लिहिलं तर तिथंच हरकत घ्या, बाहेर येऊन नाही. आम्ही त्या दिवशी बाहेर येऊन बोललो, ती आमची चूक झाली.

संतोषचा दावा उपविभागाच्या समितीने नाकारलाय. त्याविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, आणि आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय तो अर्ज आपल्याविरुद्ध निकालात काढता येत नाही. ज्यांचे दावे असेच नावावरून परत आले त्यांनी दिवस मोजून ठेवा.

अर्जासाठी मागच्या आठवड्यात त्यांच्या पाड्यावर ग्रामसभा बसली. वंशावळ लिहायला घेतली. म्हातारी पुढे बसली होती. तिला विचारलं, तिने परत तेच, सोमवारच्या पाठचा वार. आम्ही तसंच लिहिलं. लिहिणारा पोरगा म्हणाला, नावपण पाहिजे. म्हातारी इकडेतिकडे बघायला लागली, मग तिने संतोषच्या पोराला पुढे ओढलं. पाच वर्षांचा आहे, नाव आर्यन. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो उभा राहिला आणि शाळेत हजेरी देतात तसा ओरडला, "मंगळ्या!" सगळी सभा हसली, म्हातारीने पदर तोंडात धरला. लिहिणाऱ्याने विचारलं, "आजी, बरोबर ना?" तिने मान हलवली. नाव लिहिलं, तिचा अंगठा घेतला, खाली सोळा जणांच्या सह्या झाल्या.

अर्ज पुढच्या सोमवारी जिल्ह्याला जाणार आहे. ज्यांना बरोबर यायचं त्यांनी सकाळच्या पहिल्या गाडीला नाक्यावर यावं, भाकरी घरूनच आणावी.